पाचरेघी

अमरावती
९ जानेवारी २०२५

पुंजादादा,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुले समजलं असन, जयीचं पत्र आहे. फाडू नको. आधी हे एक वाक्य वाच: आपली पाचरेघी आता कॉम्प्युटरात चालली!

आता फाड पाहिजे तर.

नाही फाडलंस ना? मंग ऐक. शुद्ध मराठीत लिहायला बसली होती. पण 'तुला' लिहिलं आन वाटलं, कोण्या साहेबाले अर्ज करून राहिली. म्हणून जशी बोलते तशीच लिहिते.

परवा दुपारी दुकानात एक पोरगी आली. तिशीची असन. हेल्मेट काढलं, पाठीवरची बॅग काढली. स्वप्निलनं विचारलं, "मॅडम, काय छापाचं आहे?" तर म्हणे, "छापायचं काही नाही. जयवंता डोमाजी तायडे कुठे भेटतील?"

दादा, माहेरचं नाव इतल्या वर्षांनी परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं. माझ्याच पोराले ते पटकन समजलं नाही. तो म्हणे, "असं इथं कोणी नाही." मी आतून ओरडली, "आहे, आहे! मीच आहे!"

तिनं मोबाईल पुढे केला. मूर्तिजापूरच्या नत्थुजींचा बोर्ड. 'नूतन शिलाई मशीन दुरुस्ती'. पिवळ्यावर निळं. पत्रा गंजला आहे, पण अक्षर जसंच्या तसं. एकेका अक्षरात पाच रेघा, रांग धरल्यासारख्या चालून राहिल्या. खालच्या कोपऱ्यात बारीक: पुंजाराम-जयवंता आर्ट्स, अकोला.

पोरीचं नाव प्रियदर्शनी. अकोल्याचीच आहे, मुंबईले शिकली, आता घरूनच काम करते. अक्षरं बनवणं हाच तिचा धंदा. म्हणजे मोबाईलवर, पुस्तकात, बोर्डावर जे अक्षर दिसते ते कोणीतरी बसून काढलेलं असते, तसं ती काढते. दोन वर्षांपासून आपल्या बोर्डांचे फोटो जमा करून राहिली. दर्यापूर, रिद्धपूर, मूर्तिजापूर, कोठी कोठी फिरली म्हणून सांगू! ती म्हणे, "मावशी, रेघांची अक्षरं मी पुष्कळ पाहिली. पण पाचही रेघा शिरोरेघेतून पुढच्या अक्षरात उतरतात आणि मधी कुठेच तुटत नाहीत, असं मी दुसरीकडे पाहिलं नाही."

मी म्हटलं, "त्यासाठी तर भांडायचो आमी."

तिले याचं पूर्ण कुटुंब बनवायचं आहे. अक्षरांचंही कुटुंब असते म्हणे. तीनरेघी, पाचरेघी, सातरेघी, अशी भावंडं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी अकोल्यात कार्यक्रम करून सगळ्यांसाठी खुली करणार. पण तिची एक अट आहे. अक्षर ज्यांचं, त्या दोघांचं नाव आन दोघांची सही. एक सही नसन तर ती काढणारच नाही.

कागद सोबत आहे. तुझ्या जागेवर फुली मारून ठेवली.

हातानं रंगवणं सोडून फ्लेक्सचं मशीन घेतलं त्याचा मले पस्तावा नाही. पोरं शिकली त्यावर. पण ते भांडण मी आता उकरत नाही. तू दुकानाच्या बोर्डावर चुना मारून निघून गेलास, तेही उकरत नाही. आमच्या ह्यांच्या मातीले तू आला नाहीस, त्याच्याबद्दलही काही म्हणत नाही.

फक्त सही कर.

तुझी
जयी


अमरावती
२७ जानेवारी

दादा,

तिकडे जंगलात, तुझ्या सेमाडोहले, टपाल उशिरानं पोचते, असं स्वप्निल म्हणते. मीही तसंच समजून चालली.

इथं तर नुसती धामधूम आहे. प्रियदर्शनी दर आठवड्याले येते, लॅपटॉप काऊंटरवर ठेवते आन मले बाजूले बसवते. गिऱ्हाईक उभं राहते तिकडे. तिनं मले एक गोष्ट दाखवली, ऐकून थक्क होशीन. आपल्या सगळ्या बोर्डांवर पाचातली मधली रेघ बाकीच्यांपेक्षा कणभर जाड आहे. तिनं मोजून दाखवलं! मी म्हटलं, काहीतरीच, आमी तर सारख्या मारत होतो. तिनं कॉम्प्युटरवर पाचही एकदम सारख्या करून दाखवल्या, तर मधली रेघ दबून गेल्यासारखी दिसे, अक्षर पोकळ वाटे. मंग मधली जरा जाड केली. अक्षर उभं राहिलं! आयुष्यभर हातानं जे केलं ते मले ठाऊकच नव्हतं, दादा. तुले होतं काय? असन तर मले काहून नाही सांगितलं?

तिले इतिहास लिहायचा आहे. हे अक्षर कसं झालं, कोणी केलं. मी जे सांगितलं ते इथं लिहिते. चुकलं असन तर तू दुरुस्त कर. तू दुरुस्त केल्याशिवाय राहत नाहीस, हे मले पक्कं माहीत आहे.

मी सांगितलं ते असं. साल चौऱ्याऐंशी. जयंतीच्या मिरवणुकीच्या ट्रकवर लावायचं कापड बाबाकडे आलं. बाबा तोवर ट्रकचे नंबर आन बैलबंड्यांच्या पाट्या रंगवत होता, इतलं मोठं काम पहिल्यांदाच. बाबा म्हणे, पंचशील झेंड्याचे पाचही रंग आले पाहिजेत. तू म्हटलंस, एका अक्षराले एक रंग देऊ. मी म्हटलं, मंग कोणतं अक्षर कोणत्या रंगाचं यावरून वस्तीत भांडणं होतील. पाचही रंग प्रत्येक अक्षरात घाल. तू म्हटलंस, "जयी, अक्षर आहे का दोरखंड?" आपण इतले भांडलो की बाबानं दोघांच्याही हाती ब्रश दिले आन म्हणे, "तोंडानं नोका सांगू. काढून दाखवा."

उभे खांब आन शिरोरेघ मी मारली, गोलाई तू. निळी, पिवळी, लाल, पांढरी, केशरी. ट्रक निघाला तेव्हा बाया रस्त्यावर थांबून पाहत होत्या. पुढच्या आठवड्यात नत्थुजी आले मूर्तिजापूरवरून. म्हणे, "ते मिरवणुकीतलं अक्षर माह्या दुकानाले पाहिजे."

इथवर तुले मान्य असन. आता चपलेचं. प्रियदर्शनीले मी सांगितलं की पाच रेघा ब्रशनं मारायले फार वेळ लागे, म्हणून रबरी चपलेच्या तळव्याले खाचा पाडून फणी केली. पिवळ्या पत्र्यावर निळा पट्टा ओढायचा, आन ओला असतानाच त्यावरून फणी फिरवायची. फणीच्या चार दातांनी पिवळं उघडं पडे, पाच निळ्या रेघा उरत. ही अक्कल तुझी, असं मी कबूल केलं. पण चप्पल माझी होती, हेही सांगितलं. नवी होती. तू न विचारता कापली. बाकीचे पेंटर आपल्याले 'चप्पलछाप' म्हणत होते तेही सांगितलं. ती इतली हसली की तिले ठसका लागला.

तीनरेघी बारक्या पाट्यांसाठी, सातरेघी ऑर्केस्ट्राच्या बोर्डांसाठी. हे तिनं फोटो पाहून आपणच ओळखलं होतं.

आता अडचण सांगते. सगळी अक्षरं सापडली (नमुन्याचा कागद सोबत पाठवते), एक नाही. ळ. फोटोत कोठीच नाही. आपण ळ लिहितो, पण बोलतच नाही ना! डोळ्याले डोये, शाळेले शाया. पण गिऱ्हाईकाले लिहून तर पाहिजे. प्रियदर्शनीनं स्वतः काढून पाहिला. दोन गोल, दोहींत पाच-पाच रेघा. मधी सगळ्या एकमेकींवर चढल्या, नुसती जिलेबी झाली. मी ब्रशनं काढून पाहिला. माझी तर इमरती झाली. गोलाई माझ्या हातची नाही.

तू कधी ळ काढलास काय? काढला असशीन तर कोठी?

उत्तर दे. दोन शब्द लिही.

जयी


अकोला
१६ फेब्रुवारी

दादा,

आज प्रियदर्शनीच्या घरून लिहिते. तिची आई आग्रह करून राहिली की आधी जेवा, मी म्हटलं आधी दादाले लिहिते. घाईनं लिहून राहिली, अक्षर वाकडं आलं तर हसू नको.

ळ सापडला.

मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक दुकानात आलं, बार्शीटाकळीचं. प्रियदर्शनीच्या स्क्रीनवरची अक्षरं पाहून म्हणे, "हे तर आमच्या वाचनालयावर हायेत." मी म्हटलं, बार्शीटाकळीत आपण कधी कामच केलं नाही. तो म्हणे, "अहो हायेत ना! रोज पाहतो मी." गावाच्या नावातच ळ आहे! पोरगी तर उडालीच. आज सकाळी तिच्या गाडीवर बसून गेलो. मी या वयात हेल्मेट घालून, पदर खोचून. पाहिलं असतंस तर हसत सुटला असतास.

वाचनालय लहानसं आहे, पण बोर्ड लांबलचक. 'सार्वजनिक वाचनालय, बार्शीटाकळी'. मी गाडीवरून उतरली नाही तोवर ती शिडी मागायले आत पळाली. आन मी खाली उभी राहून ळ पाहून राहिली.

दादा, काय काढलास रे! बाहेरच्या तीन रेघा दोन्ही गोलांतून पूर्ण फिरवल्यास, आन आतल्या दोन मधी अलगद सोडून दिल्यास. कोठी संपल्या ते दिसतच नाही. पाहणारा पाचच मोजते. शिडीवरून प्रियदर्शनी ओरडली, "मावशी, यांनी रेघा कमी केल्या! मी वाढवत बसले होते!" खाली उतरून तिनं मले अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला.

मंग मी कोपऱ्यात पाहिलं.

पुंजाराम-जयवंता आर्ट्स, अकोला. आन त्याखाली साल, २०१५.

मी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. पंधरा. तू तर दोन हजार सातमधीच गेला होतास. तोंड पाहत नव्हतास माझं. अकोल्यातलं दुकानही तेव्हाच संपलं होतं.

वाचनालय पाहतात त्या गोदाबाई बाहेर आल्या. मी विचारलं, हा बोर्ड कोणी काढला? त्या म्हणे, "सेमाडोहवरून एक पेंटर आले होते. आमच्या अध्यक्षांनी तिकडे त्यांचे वाघाचे बोर्ड पाहिले होते, म्हणून बोलावलं. चांगला माणूस. पण बोलणं कमी. काम झाल्यावर कोपऱ्यात नाव टाकून राहिले होते, तर मी इचारलं, ही जयवंता कोण? म्हणे, बहीण. मी म्हटलं, ते कोठी हाये? म्हणे, उभ्या रेघा तेच मारते. मी म्हटलं, बाबाजी, आता तर तुमीच मारून राहिले! तर डबा उचलला आन ब्रश धुवाले गेले."

मी त्यांले सांगितलं नाही की जयवंता मीच. प्रियदर्शनीनं सांगितलं. तर गोदाबाई म्हणे, "अरे बाप्पा!" आन माझा हात धरून आत घेऊन गेल्या, पाणी दिलं, चहा दिला. टेबलावर पेपर वाचत बसलेली माणसं उठून बाहेर जाऊन बोर्ड पाहून आली.

आता खरं सांगते. त्या बोर्डावरचे खांब तुले जमले नाहीत. 'सार्वजनिक'मधला ज डावीकडे झुकला आहे. काना कोठी जाड, कोठी बारीक. मी असती तर असं झालं नसतं. रडता रडता मी हसून राहिली होती, लोकं पाहून राहिले होते, मले काही लाज वाटली नाही.

सही राहू दे. तू कसा आहेस तेवढं लिही.

जयी


अमरावती
९ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं दुकानात टाकलं, स्वप्निल म्हणे "आई, कोणाचं हे?" मी त्याच्या हातून हिसकलं.

सहीचा कागद वेगळ्या पाकिटात आला, तोही मिळाला. सही पाचरेघीत केलीस! निळ्या बॉलपेननं, तेवढुश्या जागेत! प्रियदर्शनीनं तो कागद दिवसभर कोणाच्या हाती दिला नाही.

आता तुझ्या कार्डातल्या एकेका वाक्याले उत्तर देते, कारण वाक्यं तू तशी मोजूनमापूनच टाकलीस.

'ख चा रव झाला आहे, पोरीला सांग.' सांगितलं. तिनं नमुन्याच्या कागदावर भिंग धरून पाहिलं आन म्हणे, "बरोबर आहे. दोन भाग दूर गेलेत." त्याच संध्याकाळी जोडले. आता 'खत' हे खतच वाचल्या जाते. तिनं तुले नमस्कार सांगितला आहे आन विचारलं आहे की क्ष पाहिला काय? तो तिले अजून आवडून नाही राहिला.

'नाव जयवंताचं एकटीचं टाका.' हे होणार नाही. तू बार्शीटाकळीत एकटा शिडीवर चढून दोघांचं नाव टाकतोस, आन मले एकटीचं टाकायले सांगतोस? अक्षरकुटुंबाचं नाव 'पाचरेघी' राहणार आन खाली लिहिल्या जाणार: पुंजाराम आणि जयवंता तायडे, अकोला. प्रियदर्शनीचंही नाव येणार, कारण कॉम्प्युटरात ते जिवंत तिनं केलं. माझ्याशी भांडायचं असन तर समोर येऊन भांड.

'बातमी मला उशिरा कळली. मग येण्याची हिंमत झाली नाही.'

हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. दादा, ह्यांची माती झाली तेव्हा मी कितीक दिवस दाराकडे पाहत होती. कोणी आलं की उठून उभी राहत होती. लोकांले वाटे, बाईले चैन पडत नाही. मले वाटे, तू येशीन, आन मी तुले ओरडीन की इतला उशीर काहून केला. उशिरा आला असतास तरी चाललं असतं. वर्षानं आला असतास तरी चाललं असतं. मी ओरडली असती, आन मंग चहा ठेवला असता. इतलंच झालं असतं. त्याच्याहून जास्त काही झालं नसतं.

'कार्यक्रमाला येणार नाही. भेट नको.'

तेरा एप्रिल, संध्याकाळी, अकोला. वस्तीतल्या सभागृहात. परतवाड्यावरून गाडी मिळते. मी काही म्हणत नाही. फक्त कळवलं.

जयी


अकोला
१४ एप्रिल, सकाळ

दादा,

तू आला नाहीस. मी दरवाज्याच्या बाजूची खुर्ची धरून बसली होती.

पण रुसली नाही, कारण काल जे झालं ते तुले सांगितल्याशिवाय मले राहवतच नाही. बाहेर आतापासूनच ढोल वाजून राहिले, मिरवणुकीचे ट्रक सजून राहिले, आन त्यातल्या तीन ट्रकांवर आपलं अक्षर आहे. तीन! एकानं फ्लेक्सवर छापलं, दोघांनी कॉम्प्युटरवरून कागद काढून, गिरवून, हातानं रंगवलं. पाचही रंगांत. मी जाऊन बोट लावून पाहिलं. रंग अजून ओला होता.

कालचं सांगते. सभागृह भरून गेलं होतं. नत्थुजींनी काय करावं? मूर्तिजापूरवरून आपला बोर्डच काढून आणला! जुन्या लुगड्यात गुंडाळून, दोघाजणांच्या खांद्यावर. म्हणे, "फोटोत काय पाहता? घ्या, खरा पहा." तो स्टेजवर उभा केला. गोदाबाईही आल्या बार्शीटाकळीवरून.

प्रियदर्शनीनं भिंतीवर मोठा उजेड पाडला आन पाचरेघी कशी झाली ते सांगितलं. ट्रकचं सांगितलं, बाबाचं सांगितलं, चपलेचं सांगितलं तेव्हा सगळे हसले. तुझा ळ भिंतभर दाखवला. रेघा कोठी सोडल्या ते एकेक करून दाखवलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ळले टाळ्या, दादा! मले वाटलं, जगात दुसरीकडे असं कधी झालं नसन.

मंग ती म्हणे, "आता तुमच्यापैकी कोणाचं नाव पाहायचं?"

मंग मागून एक म्हातारी म्हणे, "दुर्गाबाई लिही, बाई." तिनं लिहिलं. भिंतीवर दुर्गाबाई, एवढी मोठी, पाच रेघांची! म्हातारी उठून पुढे आली आन आपल्या नावाखाली उभी राहिली, फोटो काढा म्हणे. झालं, मंग तर रांगच लागली. ओमप्रकाश लिही, आरती लिही, माह्या नातीचं लिही, आमच्या गावाचं लिही. ज्याचं नाव आलं तो भिंतीपाशी जाऊन उभा राहे. कोणी हसे, कोणी हात लावून पाहे. एकानं तर मेलेल्या भावाचं नाव लिहायला लावलं आन टोपी काढून उभा राहिला. सगळं सभागृह त्याच्यासोबत उभं राहिलं.

शेवटी प्रियदर्शनी माझ्यापाशी आली आन म्हणे, "मावशी, आता तुम्ही. नाव सांगू नका, स्वतः लिहा."

मी म्हटलं, मले कीबोर्ड चालवता येत नाही. दुकानात स्वप्निलच पाहते ते सगळं. तिनं मले खुर्चीत बसवलं आन कोणतं अक्षर कोठी आहे ते दाखवत गेली. मी एका बोटानं दाबत गेली. मले वाटलं होतं बाबाचं नाव लिहावं. डोमाजी. तेच मनात होतं. पण बोट तिकडे गेलंच नाही.

मी लिहिलं: दादा ये.

वर पाहिलं तर ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाच रेघा, कोठी न तुटता.

मंग गोदाबाई उभ्या राहिल्या, त्यांले कोण दादा ते माहीत होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. मंग बाजूच्या बाईनं वाचलं. आन मंग, दादा, सगळ्या सभागृहानं वाचलं. पोरांनी, म्हाताऱ्यांनी, नत्थुजींनी. छप्पर हाललं इतल्या मोठ्यानं. तुले सेमाडोहले ऐकू आलं असतं तरी मले नवल वाटलं नसतं.

फोटो सोबत पाठवते.

आज सकाळपासून जो भेटते तो एकच विचारून राहिला. चहावाला, ट्रकवाले, रांगोळी काढणाऱ्या पोरी. "मावशी, आला काय मंग दादा?"

त्यांले काय सांगू, ते कळव. नाहीतर कळवू नको. नुसता ये.

जयी